पत्र्याची पट्टी

महागू फुंडेला शिसारी यायला फार काही लागत नसे. छिन्नी मारून सोडवलेला नट, बोल्टाऐवजी तारेनं आवळलेला सायलेन्सर, ग्रीसच्या नावाखाली थापलेलं जुनं काळं तेल, असलं काही दिसलं की तो तोंड असं वाकडं करी, जणू भातात केस निघालाय. मग पुढचं काम होईपर्यंत तो गाडीच्या आधीच्या मिस्त्रीला शिव्या घालत राही. हिंदी मुलखातल्या बालाघाट शहरात काली पुतली चौकातून आतल्या गल्लीत त्याचं टिनाचं शेड होतं. गिऱ्हाईक हिंदीत बोले, महागू मराठीत उत्तर देई आणि दोघांचंही काही अडत नसे. तरुणपणी कटंगीकडच्या खेड्यातून आला तेव्हा आणलेली भाषा त्यानं तशीच ठेवली होती.

एका माणसाच्या कामाला मात्र त्यानं कधी नाव ठेवलं नव्हतं. तो माणूस म्हणजे त्याचा मुलगा राहुल. राहुल बापाच्या हाताखाली शिकला, मग नागपूरला मोठ्या शोरूममध्ये राहिला आणि परत येऊन बैहर रोडवर त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. समोर काच, खाली पांढरी फरशी, गिऱ्हाइकाला बसायला एसीची खोली. लांबलांबच्या प्रवासाला निघणाऱ्या महागड्या मोटरसायकली तिथं येत. महागू तोंडानं कधी काही बोलला नाही, पण सायकलवरून तिकडून जाताना काचेसमोर त्याचा पाय पेडलवर आपोआप हळू पडे. घरी गोदाबाईला तो सांगे, "पोट्ट्याचं दुकान चकचकीत आहे." त्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे खूप झालं.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी शेडसमोर एक उंच मोटरसायकल येऊन थांबली, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या लावलेली. वरून ज्योत्स्ना उतरली. ही उकव्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची, चाळिशी ओलांडलेली, आईसोबत राहणारी. सुट्टी लागली की गाडी काढून कधी बस्तर, कधी राजस्थान. हल्ली म्हातारी आईसुद्धा मागं बसून जायला लागली होती. आता दोघी नर्मदेच्या परिक्रमेला निघणार होत्या, सडकेच्या वाटेनं, अमरकंटकपासून समुद्रापर्यंत आणि परत.

"महागूकाका," ज्योत्स्ना म्हणाली, "घाटात वळण घेतलं का मागचं चाक आपल्याच मनानं चालते. खड्ड्यात गेली का खालून टक्कन वाजते. आई म्हन्ते, मागून कोनी ढकलून राह्यलं."

महागूनं गाडी स्टँडवर घेतली, मागचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि आडवं हलवलं. टक्. परत हलवलं. टक्.

"शॉकअपखालच्या बेरिंगा गेल्या, मॅडम."

"कश्या जातील? उन्हाळ्यात तं बदलल्या."

"कोनाकडं?"

ज्योत्स्ना जरा अडखळली. "राहुलकडंच. नंतर दोनदा दाखवली त्याले. तो म्हने टायरचा दोष आहे. म्हनून तुमच्याकडं आली."

महागूनं हात पुसले. उकव्याची सडक म्हणजे मँगनीजच्या ट्रकांची सडक, काळी धूळ आणि पावसाळ्यात काळा चिखल. नव्या बेरिंगाही खाऊन टाकील असली सडक. हे त्यानं मनाशी म्हटलं, दोनदा म्हटलं. ज्योत्स्ना गाडी ठेवून आईची औषधं आणायला गेली आणि महागूनं गाडी खोलायला घेतली.

मागचं चाक ज्या लोखंडी हातात बसतं, तो हात आणि शॉकअप यांच्यामध्ये कोपरासारखी एक जोडणी असते. खड्डा आला की तो कोपर वाकतो आणि धक्का गिळतो. त्याच्या सांध्यांत सुयांसारख्या बारीक रोलरच्या बेरिंगा असतात आणि त्यांच्यामधून गुळगुळीत नळी जाते, तिला बुश म्हणतात. महागूनं चाक काढलं, जोडणी सोडवली, बाकावर स्वच्छ फडकं पसरून त्यावर ठेवली. वरून ती बघण्यासारखी होती. काळा रंग नवा, दोन्ही तोंडांना रबराचे सीलही नवे. त्याला बरं वाटलं.

मग त्यानं सील उचकटला.

आतून आधी वास आला, सडलेल्या पाण्याचा आणि करपलेल्या ग्रीसचा. मग तपकिरी लगदा बाहेर आला. त्यानं बुश ओढून काढला, तेव्हा त्याच्यासोबत काहीतरी चमकत लोंबत आलं. रॉकेलमध्ये धुऊन त्यानं ते उजेडात धरलं. थंड पेयाच्या डब्याचा कापलेला पत्रा होता. एका बाजूला लाल रंग, अर्धी कापली गेलेली अक्षरं. झिजलेल्या बुशाभोवती ती पट्टी गुंडाळली होती, सांध्यातली ढिलाई भरून निघावी म्हणून. बेरिंगा जुन्याच. निम्म्या सुया गळून गेलेल्या, उरलेल्यांची गंजून भुकटी. या सगळ्यावर स्वस्तातलं कप-ग्रीस थापलं होतं आणि वरून नवे सील लावून रंग मारला होता.

महागू शेडबाहेर जाऊन थुंकला. परत आला, पट्टीकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर जाऊन थुंकला. पोराच्या पाठीवरून मायेनं हात फिरवावा आणि हाताला गळू लागून फुटावं, तसं त्याला झालं.

पट्टी आणि बुश फडक्यात गुंडाळून तो बैहर रोडवर गेला. राहुल एका गिऱ्हाइकाला मोबाइलवर काहीतरी दाखवत होता. बापाला आत आलेला पाहून त्याला आनंद झाला, कारण महागू सहसा काचेच्या आत येतच नसे.

"आओ बाबूजी, बैठो. चाय मँगाता हूँ."

महागूनं फडकं काउंटरवर उलगडलं. राहुलनं पाहिलं. त्यानं गिऱ्हाइकाला बाहेरच्या गाड्या दाखवायच्या निमित्तानं वाटेला लावलं, दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "उकवावाली मैडम की है?"

"काहून केलं हे?"

"बेरिंग आई नहीं थी टाइम पे. मैडम को जल्दी थी. सोचा बाद में डाल दूँगा, फिर सीजन आ गया, रह गया."

"दोनदा गाडी आनली तिनं. तवा काहून नाई टाकली?"

राहुलनं खांदे उडवले. "अब क्या बोलता उनको? और बाबूजी, अंदर की चीज है. किसी को पता भी नहीं चलता."

या शेवटच्या वाक्यानं महागूच्या अंगावर काटा आला. चूक झाली म्हणाला असता, विसरलो म्हणाला असता, तर त्यानं दोन शिव्या घालून सोडलं असतं. पण पोरगा हे असं बोलत होता, जणू बापाला धंद्यातली एखादी युक्ती समजावून सांगतोय.

"तिची म्हातारी मागं बसते," महागू म्हणाला. "गांगुलपाऱ्याच्या घाटातून येनं-जानं करते ते. चाक फिरलं असतं तं?"

राहुलनं फडकं परत पट्टीवर झाकलं. मग म्हणाला, "नई बेरिंग मैं दे देता हूँ. आप डाल दो. बस मैडम को मत बताना."

महागूनं मान वर केली तेव्हा त्याला भिंतीवर स्वतःचाच फोटो दिसला. फ्रेम केलेला, खाली सोनेरी अक्षरांत 'हमारे गुरु, हमारे पिताजी'. असा काही फोटो तिथं आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. महागू स्टूल ओढून त्यावर चढला, फोटो खिळ्यावरून उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून जमिनीवर ठेवला.

"अजून कितीक गाड्यायत केलं असं?"

"दो... नहीं, तीन. मैडम की पकड़ के."

"अजून दोघायले फोन कर. आजच." एवढं बोलून तो निघाला.

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. गोदाबाई म्हणाली, "चुकला असन. आपलंच लेकरू आहे ना?"

"हौ, आपलंच आहे. दुसऱ्याचं असतं तं मी जेवलो असतो."

महागूनं मागवलेल्या नव्या बेरिंगा नागपूरहून बसनं आल्या. पण जुन्यांची बाहेरची कवचं गंजून आपल्या घरात, म्हणजे जोडणीतल्या भोकात, घट्ट बसली होती, जशी हाडातच रुजलेली. महागूनं आट्यांची सळई आणि पाइपाचा तुकडा लावून ती ओढून काढायचा प्रयत्न केला. सळईचे आटे उडाले. दुसरी आणली, तीही गेली. हातोडा मारला असता तर ॲल्युमिनियमचं घर तडकलं असतं, आणि हातोड्यानं बेरिंग काढणाऱ्यांची त्याला तशीही घाण वाटे. प्रेस मशीन हवं होतं. तसलं गावात त्याच्या माहितीत एकच होतं, राहुलच्या काचेच्या दुकानात.

ज्योत्स्ना चौकशीला आली तेव्हा महागू जोडणी समोर ठेवून बसला होता. त्यानं तिला काही सांगितलं नाही. जोडणी आणि नव्या बेरिंगा पिशवीत घातल्या आणि म्हणाला, "चला मॅडम. राहुलकडं जाऊ. काय झालं ते त्याच्याच तोंडून आयका."

राहुलनं दोघांना एकत्र येताना पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. महागू काउंटरपाशी उभा राहिला. "सांग."

"मैडम, वो बेरिंग..."

"मराठीत सांग. त्याईले मराठी समजते, तुले बी येते."

राहुलला मराठी येत होती, पण ती घरात भाकरी मागण्यापुरती. तो चाचरत म्हणाला, "मी बेरिंग बदललीच नव्हती, मॅडम. पत्रा लावला होता. टायरचं जे बोललो, ते खोटं होतं."

ज्योत्स्नानं पट्टी मागून घेतली. उलटसुलट करून पाहिली. त्यावरची अर्धी अक्षरं वाचली. मग चिमटीतली पाल टाकावी तशी ती काउंटरवर टाकली.

"तू मले चहा पाजलता त्या दिवशी," ती म्हणाली. "आईसाठी उशी बी दिलती खुर्चीवर. 'आराम से बैठो, अम्मा.' आई अजून तुह्यी तारीफ करते."

ती ओरडली नाही. बोलता बोलता तिनं ओढणीला हात पुसले आणि बाहेर जाऊन उभी राहिली. राहुलनं आत बसा म्हणून खुणावलं, तर तिनं तिकडे पाठ केली. ऊन चढलं, ट्रकांची धूळ उडत होती, पण ती एसीत आली नाही.

बापलेकांनी जोडणी प्रेसखाली ठेवली. महागू पाइपाचे तुकडे बसवून देई, राहुल दांडा दाबे. बराच वेळ काहीच हललं नाही. मग बंदुकीसारखा आवाज झाला, कवच सुटलं आणि लाल भुकटी पांढऱ्या फरशीवर सांडली. एकामागून एक सगळी निघाली. राहुलनं घरं घासून साफ केली, नव्या बेरिंगला तेलाचं बोट फिरवलं, सरळ बसलीय का ते चहूकडून पाहिलं आणि हलक्या हातानं दाब दिला. पाहिजे तितकीच आत गेली, केसभर जास्त नाही. सुयांत ग्रीस भरताना त्यानं एकेक सुई बोटानं फिरवून पाहिली.

महागू ते हात पाहत होता. चांगले हात होते. बालाघाटात असे हात फार थोड्यांचे होते. ज्याला येतच नाही त्यानं पत्रा लावला तर त्याची कीव करता येते. याला सगळं येत होतं, आणि तरी त्यानं बाहेरून रंग मारून दिला होता. "बस," एवढंच महागू म्हणाला आणि जोडणी पिशवीत टाकून निघाला.

संध्याकाळपर्यंत गाडी उभी झाली. ज्योत्स्ना घाटापर्यंत जाऊन आली. चाक जिकडे न्यावं तिकडेच जात होतं, आवाजही बंद झाला होता. दोनेक दिवसांनी मायलेकी परिक्रमेला निघाल्या, तेव्हा शेडसमोर थांबल्या. म्हातारी हेल्मेटातून म्हणाली, "आता दात नाई वाजत, मिस्त्री." महागू हसला नाही, पण त्यानं तिच्या पायाखालचा फूटरेस्ट फडक्यानं पुसून दिला.

राहुलनं उरलेल्या दोघांना फोन केले. एक जण येऊन चार गोष्टी सुनावून गेला आणि बेरिंगा बदलून घेऊन गेला. तेव्हापासून राहुल काढलेला जुना माल गिऱ्हाइकाच्या हातात देऊ लागला, असं लोक सांगतात. तो सुधारला की भ्याला, हे महागूला कळलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही. सणाला राहुल घरी येतो, महागू त्याच्या पंगतीला बसतो, पण सायकलवरून बैहर रोडनं जात नाही. नदीकडच्या लांबच्या रस्त्यानं जातो.

दुसरी गाडी वारासिवनीच्या एका राइस मिलवाल्याची होती, लाल रंगाची. त्यानं सांगितलं, विकली. कोणाला? मेळ्यात भेटलेल्या माणसाला, कटंगीकडचा असावा. त्या माणसाचा फोन लागत नाही. ती गाडी कुठंतरी चालू आहे, पोटात पत्र्याची पट्टी घेऊन. तिच्या मागं कोण बसतं, कोण जाणे.

मागच्या आठवड्यात महागू कुठल्याशा सामानासाठी वारासिवनीला गेला होता. बाजारात एक लाल मोटरसायकल गर्दीतून पुढं निघालेली दिसली, मागं बाई, तिच्या मांडीवर लेकरू. महागू हातातली पिशवी सांभाळत तिच्यामागं धावला. "ओ भैया, रुको! रुको!" माणूस वैतागून थांबला. काय झालं म्हणून विचारेपर्यंत हा म्हातारा रस्त्यातच गुडघ्यावर बसला आणि मागचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवू लागला. बाई ओरडली, मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला.

चाकातून आवाज आला नाही.

"जा," महागू उठत म्हणाला. तो माणूस डोक्याशी बोट फिरवून निघून गेला. महागूनं पँटची धूळ झटकली आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून पुढच्या गाड्या पाहू लागला.