डालग्याखालचं पाऊल

माझ्या बहिणीची पाच-सहा वर्षांची पोर दिवाळीला आमच्या घरी आली आणि आमच्याच गोठ्यामागं मारली गेली. पायातले चांदीचे तोडे गेले. मारणारा कोण, ते आजतागायत कळलेलं नाही. तपास फौजदारानं बिघडवला, असं गावात अजून सांगतात. मीही बरीच वर्षं तेच सांगत आलो. फौजदार वाईट होता, त्यात खोटं काही नाही. पण त्याच्या आधी आमच्या घरात काय झालं ते मी कधी पुरं सांगितलं नाही. दोन बुकांपलीकडं शाळा नाही मला, तेव्हा घडलं तसं लिहितो.

गाव आमचं नारायणगावच्या खालच्या अंगाला, मीना नदीच्या काठी. पोर सापडली ती कडब्याच्या गंजीआड. तिथून चार हातांवर गुरांना पाणी पाजायची दगडी डोण, आणि डोणीखालच्या ओल्या मातीत एक अनवाणी पाऊल उमटलेलं. मोठं, पुरुषाचं, टाच खोल रुतलेली. आमच्या घरातलं कुणाचंच नव्हे. त्या काळी चोरीमारीचं पाऊल दिसलं की त्यावर टोपलं पालथं घालायचं, ही रीत पोराटोरांनाही ठाऊक असे. मी कोंबड्यांचं डालगं आणून घातलं, वर धोंडा ठेवला.

गावचा जागल्या, म्हणजे रात्रीची राखण करणारा, येऊन पाऊल बघून गेला. जातीनं रामोशी. त्याच्यावर जोखीम मोठी. गुन्ह्याचा माग काढत त्यानं तो शिवेपार दाखवला, तर जबाब पुढल्या गावानं द्यायचा. नाही दाखवला तर जागल्याची मानगूट धरायची. पण माग काढायचा तो फौजदारसाहेबासमोर, नाहीतर पुढलं गाव मानत नाही. म्हणून पाटलानं त्यालाच वर्दी देऊन जुन्नरला पिटाळलं, आणि मी बैलगाडी जुंपून बहिणीला आणायला अवसरीला गेलो.

येताना बहीण गाडीत रडत नव्हती. मला म्हणाली, "दादा, कोण रं व्हता त्यो?"

"ठाव न्हाई. पर त्याचं पाऊल हाय. म्या झाकून ठिवलंय. साहेब आला की त्याला तुज्याम्होरं आणून हुबा करतो."

"आण घे."

"घेतली."

गावात शिरलो तर वेशीपासून रस्ता झाडलेला. चावडीला आंब्याचे डहाळे. साहेब प्रथमच आपल्या गावात मुक्कामाला येतोय म्हणून पाटलानं दवंडी दिली होती, गाव उकिरड्यावानी दिसाया नको. आमच्या दारात सडा पडलेला. मागच्या बाजूला गेलो. डोणीपर्यंत सगळं हिरवंगार सारवलेलं, कडेनं चुन्याची रेघ. डालगं धुऊन भिंतीला टेकवलेलं. साहेब येईतो पोरीला हलवायचं नाही म्हणून तिथंच घोंगडं पांघरून ठेवलं होतं, तेवढीच जागा कोरडी.

"आये, पाऊल कुटं हाय?" मी म्हटलं.

"पाटलानं सांगितलं, साहेब मागच्या अंगाला बी येनार," आई म्हणाली. "असल्या घाणीत साहेबाला कसं हुबं करू? लोक म्हनतील, ह्यांच्या बाईला सारवायची बी सुद ऱ्हायली न्हाई."

ती वेडी नव्हती. आमच्या अंगणाची वाखाणणी चार गावांत होती, आणि कुठं पोपडा निघालेला दिसला की घरातल्या बायांवर ओरडणारा मीच होतो. घराचा ताठा मी तिच्या हातांवर सांभाळला होता. डालगं का घातलंय, ते मात्र जाताना तिला सांगायचं मला सुचलं नाही. बाईमाणसाला काय सांगायचं, हाच तो ताठा.

दुसऱ्या दिवशी फौजदार घोड्यावरून आला. पायउतार होऊन इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "अंगण फार छान ठेवलंय हो." बहीण तिथंच उभी होती.

मग त्यानं जागल्याला बोलावलं. "हं, काढ माग."

जागल्या डोणीभोवती वाकून फिरला. पुन्हा फिरला. "साहेब, हितंच व्हतं. ह्या डोळ्यानं बघितलंय."

"आता कुठं आहे? उडून गेलं?" शिपाई हसले.

जागल्यानं माझ्याकडं बघितलं. सारवण त्याला दिसत होतं. आईचं नाव त्यानं घेतलं नाही.

मी म्हटलं, "व्हतं साहेब. मीच डालगं घातलं व्हतं."

"मग पुसलं कुणी?"

पाटील घाईनं म्हणाला, "गोठा हाय साहेब, ढोरं फिरत्यात, कोंबड्या उकरत्यात..."

मी मागं वळून बघितलं. माझी आई दाराआड उभी होती.

"आईनं सारवलं," बहीण म्हणाली. "पाटलांनी दवंडी दिली म्हनून."

फौजदारानं पाटलाला बाजूला घेतलं, पण आवाज काही लहान केला नाही. "सारवलं असं कागदावर आलं तर तुमची पाटीलकी जाईल. आणि मला विचारतील, यायला दिवस का लागला. तेव्हा पाऊल नव्हतंच असं धरू." मग मला म्हणाला, "तुला सही येते ना? पंच हो."

"पाऊल लिवा, मग करतो."

"लई ताठ दिसतोस की राव," शिपाई म्हणाला. फौजदारानं दुसरे दोन पंच बोलावले. त्यांनी न वाचता अंगठे उठवले. मी सही केली नाही, याचं पुढं गावात कौतुक झालं आणि ते मी ऐकून घेतलं. त्या कौतुकानं जागल्याच्या हातांना शिपायांनी बांधलेली दोरी सुटली नाही. "चला रामोशीराव, आता आमी दावतो शीव," म्हणत शिपायांनी त्याला जुन्नरला नेलं. पोरीलाही चिरफाडीसाठी डॉक्टरकडं नेलं, त्याच वाटेनं, मागच्या गाडीतून. फौजदार पाटलाकडं जेवून मग निघाला.

जागल्याला हिवाळाभर डांबलं. पुरावा नाही म्हणून कचेरीनं सोडलं, तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. आमच्या दारावरनं सरळ घरी गेला. बायकोला घेऊन गाव सोडून गेला. दुसऱ्या कुणाचा माग पोलिसांनी काढलाच नाही. उन्हाळ्यात एक हवालदार येऊन सांगून गेला, तपास लागत नाही, कागद वर गेले, आता खेटे घालू नका.

हे बहिणीला सांगायला अवसरीला मलाच जावं लागलं. ती दारात धान्य पाखडत होती.

"कोन व्हता?" तिनं सूप न थांबवता विचारलं.

"न्हाई सापडला. आता सापडायचा बी न्हाई."

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या देईल, आईला देईल. मी त्यासाठी मान खाली घालून तयार होतो. तिनं पदर सारखा केला आणि आत जावेला हाक मारली, "पावनं आल्यात. पानी द्या त्यास्नी, आन् भाकरी टाका."

जावेनं पाणी दिलं. भाकरी आली. माझी भूक मेली होती, पण पानावरून उठायची हिंमत झाली नाही. मी सगळी खाल्ली. बहीण परत सूप घेऊन पाखडायला बसली होती.