मष्णूच्या कावडीतली दुसरी बुट्टी

मष्णूच्या कावडीला दोन बुट्ट्या असत. एकीत त्याची आई मनुबाई बसे, दुसरीत शेणखत.

यात पुण्यबिण्य काही नव्हतं. खानापूरच्या रानकडेचं ते गाव. शेत घरापासून अर्ध्या कोसावर आणि वाट भातखाचरांच्या बांधांवरून जाणारी, त्यामुळं गाडीचं चाक तिथं चालत नसे. पौष-माघात खत टाकायचं तर ते खांद्यावरूनच न्यावं लागे. मनुबाई दोन वर्षांमागं न्हाणीत घसरली, तेव्हापासून तिचे गुडघे जे बसले ते बसलेच. मष्णू आणि त्याची बायको जयाबाई दिवसभर शेतावर, आणि म्हातारी घरात एकटी बसायला राजी नाही. "घरात बसून काय वासं मोजू?" असं तिनं चार दिवस विचारलं. पाचव्या दिवशी मष्णूनं एका बुट्टीतलं खत काढलं, पोतं अंथरलं आणि तिथं आईला बसवलं.

म्हातारी वाळल्या फाट्यासारखी. खताच्या एका बुट्टीएवढीच भरे. आदल्या रात्रीचं जेवण अंगी लागलं की तिची बाजू जरा खाली जाई, मग मष्णू दुसरीकडं दोन मुठी खत वाढवी.

"आये, आज दोन मुठी जास्त लागल्या बग."

"मला काय सांगतोस? भाकरी करनारीला सांग," ती म्हणे आणि कमरेच्या चंचीतून निपाणीच्या तपकिरीची चिमूट ओढी.

शेताच्या कडेला एक फणस होता. दुपारची भाकरी झाली की त्याच्या सावलीत जयाबाई कोळशानं सपाट दगडावर चौकाबाऱ्याचा पट आखी. एका अंगानं घासलेले चिंचोके फासे म्हणून, सोंगट्यांना फुटक्या बांगड्या, खडे आणि शेंगांची टरफलं. मग तास-दीड तास तिघं खेळत. मनुबाई बिनदिक्कत खोटं खेळे. नको तो चिंचोका पदराखाली जाई, हवं तेव्हा दान पडे आणि सुनेची सोंगटी मारली की ती असा आनंद करी की शेजारच्या खाचरातली माणसं मान वर करून बघत. चाळिशीचा बाप्या भरदुपारी आईबायकोसंगं चिंचोके उडवतो, याला गावानं आळस असं नाव ठेवलं होतं. मष्णूला ते मान्य होतं. त्या तासानंतर उरलेला दिवस हलका जाई एवढंच त्याला ठाऊक होतं. जयाबाईलाही. म्हातारीचं न्हाणं-धुणं, रात्रीची शेगडी, पायांना तेल हे सगळं तिच्याकडं, आणि सकाळी अंघोळीच्या वेळी सासू जे काही बोले त्याचा सूड तिला दुपारी सोंगट्या मारून घेता येई. दोघींची तब्येत त्यामुळं छान होती.

मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली दौऱ्यावर आलेल्या एका साहेबानं ही कावड पाहिली. ती लांबून पाहिली, हेच सगळ्या घोटाळ्याचं मूळ. जवळून पाहिली असती तर वास आला असता. साहेब घोड्यावर होता आणि बरोबर गावचे मारुतीराव. मारुतीराव बेळगावच्या कचेरीतून पेन्शन घेऊन आलेले, गावात एकटेच पायांत मोजे घालत. साहेबानं विचारलं, हा मनुष्य कोण? मारुतीरावांनी क्षणभरही न दवडता उत्तर दिलं की हा आमच्या गावचा श्रावणबाळ. मातोश्रींना रोज असाच फिरवून आणतो. दुसऱ्या बाजूला काय आहे असं साहेबानं विचारलंच, तेव्हा मारुतीराव म्हणाले, "वडिलांची आठवण."

साहेब खूश झाला. फाल्गुनात शाळेच्या बक्षीस-समारंभाला मी येतो, तेव्हा याला फेटा बांधू, असं सांगून तो गेला.

मारुतीरावांना आईबापांच्या सेवेचं फार. त्यांची स्वतःची आई बेळगावात खासबागेत धाकट्या बहिणीकडं असे. तिला तिथलीच हवा मानवते असं त्यांनी पाच वर्षांपूर्वी ठरवलं होतं आणि त्यानंतर ते बदलायची गरज पडली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ते मष्णूच्या मागं लागले. आधी खत गेलं. मातेच्या जोडीला शेण म्हणजे विटाळ, त्यांनी सांगितलं. तिथं ओढ्यातला एक स्वच्छ धोंडा ठेव. मष्णूनं आईच्या वजनाचा धोंडा शोधला. त्यामुळं खताची एक खेप वेगळी करावी लागू लागली, पण मानाला एवढा त्रास असतोच. मग तपकीर गेली. श्रावणाची आई तपकीर ओढते हे साहेबाच्या कानावर गेलं तर? चौकाबारा तर जुगारच. त्या वेळेला मारुतीराव स्वतः पोथी घेऊन मष्णूच्या घरी येऊ लागले. म्हणजे दुपारी म्हातारीला शेतावर ठेवायची सोय राहिली नाही. सकाळी कावडीतून गावातल्या चार गल्ल्या फिरवायची, लोकांनी बघायचं, आणि परत आणून भिंतीला टेकवून ठेवायची. मारुतीराव वाचत, मनुबाई ऐके, आणि मधूनच ते थांबून विचारत, "कळलं ना आजी?" त्यांच्यात आणि आजीत सात-आठ वर्षांचंच अंतर असेल.

मष्णूचं काय सांगावं. आजवर त्याला बघून कोणी राम राम घातला नव्हता. आता पाणवठ्यावरच्या बायका बाजूला होत. लिंगायताच्या दुकानात बसायला पोतं मिळे. साहेबासमोर हसायचं नाही, सेवेत कष्ट दिसले पाहिजेत, असं मारुतीरावांनी बजावलं होतं. म्हणून तो दाताच्या कळेनं हैराण झाल्यासारखा चेहरा करून हिंडू लागला. तो चेहरा घरीही उतरेना. आईनं टोमणा मारला तर पूर्वी तो दुप्पट टोमणा मारी. आता हात जोडून "जशी तुझी आज्ञा" म्हणू लागला. पहिल्यांदा असं म्हणाला तेव्हा मनुबाईनं सुनेकडं बघून विचारलं, "ह्येला काय झालं गं? बाहेरचं काय लागलं काय?"

जयाबाईला समारंभाच्या दिवशी शंभर माणसांचे पोहे करायला सांगितलं होतं. मी कुठं बसायचं असं तिनं मारुतीरावांना विचारलं, तर त्यांनी सांगितलं की श्रावणाची बायको गोष्टीत नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मष्णूनं कावड उचलली आणि ती कलली. धोंड्याची बाजू खाली गेली, आईची वर. दोरी सुटली असेल म्हणून त्यानं गाठ पाहिली. गाठ पक्की होती. दांडा चार बोटं सरकवून तो चालायला लागला. पुढच्या आठवड्यात आणखी चार बोटं सरकवावा लागला. धोंडा काही फुगत नव्हता.

त्यानं जयाबाईला विचारलं, आय जेवत न्हाय व्हय? तिनं सांगितलं की अर्धी भाकरी खाते, तीही आमटीत भिजवून ठेवली तर. रात्री पाय चेपताना पूर्वी शिव्या देई, आता तेही नाही. "गप पडून आसत्यात. मारुतीआण्णा म्हनत्यात, आजी आता विरक्त झाल्या."

मष्णूला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठून त्यानं मारुतीरावांना गाठलं आणि सांगून पाहिलं की आई वाळत चालली आहे, हे सगळं आता पुरे. मारुतीराव म्हणाले, आठच दिवस राहिलेत, साहेबाला लेखी कळवलंय, मांडवाची मेढ रोवली. आणि जरा वाळलेली बरीच, म्हणजे सेवा उठून दिसते. मष्णू मान खाली घालून परतला. फेट्याचा रंग केशरी असणार हेही त्याला वाटेत आठवलं, ते खोटं कशाला सांगा.

समारंभाच्या सकाळी धोंडा काढला. साहेबासमोर धोंडा शोभणार नाही. तिथं आंधळा बाप पाहिजे. मष्णूचा बाप पटकीच्या साथीत गेलेला. म्हणून शेजारचा जोतिबा बोलावला. जोतिबाला नवं धोतर मिळणार होतं, तो लगेच आंधळा झाला. त्याच्या डोळ्यांना फडकं बांधलं आणि दुसऱ्या बुट्टीत बसवलं. जोतिबा खाऊन-पिऊन सुखी गृहस्थ. मष्णूनं कावड उचलली तशी मनुबाई सरळ वर गेली आणि त्याच्या कानाला लागली. शेवटी जो धोंडा काढला होता तोच तिच्या मांडीवर ठेवला, तेव्हा कुठं तोल साधला.

मारुतीराव साहेबाला घेऊन मांडवात थांबले होते. पुढं हलगी, मागं अर्धं गाव आणि मध्ये कावड, अशी मिरवणूक निघाली. जयाबाईही पोह्यांची पातेली तशीच ठेवून मागून चालत होती. मनुबाई धोंडा कवटाळून बसली होती. बऱ्याच दिवसांनी तिनं आपणहून तोंड उघडलं.

"मष्णू, त्या गोष्टीचा शेवट ठावा हाय न्हवं तुला?"

"व्हय. पोरगं पान्याला जातंय. राजा जनावर समजून बान मारतोय."

"मग?"

"मग मरतंय."

"आनि म्हातारा-म्हातारी?"

"पान्याइना मरत्यात."

दुसऱ्या बुट्टीतल्या जोतिबानं डोळ्यांवरचं फडकं वर केलं. "म्हंजे मीबी मरतोय व्हय रं ह्यात? मारुतीआण्णा तसलं कायच बोलले न्हाईत."

"आनि राजाचं काय हुतंय?" मनुबाईनं विचारलं.

"त्येच्या घरी पुढं राम जल्मतोय."

"बग. तीन मानसं मेली, आनि पोरगं राजाला झालं." मग आवाज खाली करून ती म्हणाली, "मला मरायचं भ्या न्हाय रं. पर मला भितीला टेकून ठिवून तू त्वांड पाडून हिंडतोस, त्ये बगत मरायचं न्हाय."

मारुतीच्या देवळापाशी वाट फुटत होती. उजवीकडं शाळा, तोरण, मांडव. डावीकडं बांध. हलगीवाले उजवीकडं वळले. मष्णूनं कावडीखाली खांदा बदलला. दांड्यावर तिची बाजू त्याला नीट जाणवत होती, त्यात आईचं किती आणि धोंड्याचं किती हेही त्याला कळत होतं. तो थांबला, कावड खाली टेकवली, आईच्या मांडीवरचा धोंडा उचलून देवळाच्या कट्ट्यावर ठेवला.

"जोतिबाकाका, उतरा खाली."

"आनि धोतर?"

"नेसलाय न्हवं? जावा आता घराला."

दुसरी बुट्टी रिकामी झाली. मष्णूनं आईला पाठुंगळी घेतलं, कावड जयाबाईच्या हाती दिली आणि तिघं डावीकडं लागली.

मागं अर्धं गाव उभं होतं. आता कुणाच्या मागं जायचं? शेवटी कोणीतरी जाणत्यानं सांगितलं की श्रावण पाण्याला चाललाय, गोष्टीत तसंच आहे. मग सगळ्यांना पटलं. निम्मी माणसं देवळापाशी रांगेनं बसली, कारण गोष्टीत पुढं बाण लागतो आणि तो चुकवायचा नव्हता.

मांडवात साहेबानं तासभर वाट पाहिली. हलगी आली, श्रावण आला नाही. मारुतीरावांनीही तेच सांगितलं, की तो मातापित्यांसाठी पाणी आणायला गेलाय. साहेबानं फारच कौतुक केलं. परत जायची वेळ झाली तेव्हा केशरी फेटा कुणाच्या तरी डोक्याला बांधायलाच हवा होता, म्हणून तो मारुतीरावांना बांधला. असा पुत्र घडवणारे तेच, असं साहेब भाषणात म्हणाला. मारुतीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. तो फेटा घालून काढलेला फोटो त्यांनी खासबागेत आईकडं पाठवला. ते स्वतः काही गेले नाहीत.

फणसाखाली दगडावरचा जुना पट पुसट झाला होता. जयाबाईनं तो पुन्हा आखला. तपकीर मष्णूच्याच कनवटीला होती. महिन्याभरापूर्वी आईची चंची काढून घेतली ती त्याला टाकवली नव्हती. मनुबाईनं चिमूट ओढली, तीन शिंका दिल्या आणि पहिल्याच डावात सुनेची सोंगटी मारली.

"चौका कुटं पडला? तिसरा पालथा हाय," जयाबाई म्हणाली. "चौथा तुमच्या पदराखाली हाय. उचला बगू."

"श्रावनाच्या आयला खोटी म्हनतीस?"

"श्रावन गेला की पान्याला," मष्णू म्हणाला. "उचल, आये."

म्हातारीनं पदर झाडला. चिंचोके दोन पडले.

तिसऱ्या दिवशी मष्णूनं दुसऱ्या बुट्टीत पुन्हा शेणखत भरलं. पहिल्यांदा निम्मीच भरावी लागली. होळीपर्यंत ती पाऊण भरू लागली, आणि पाडव्याच्या पुरणपोळीनंतर दुसऱ्या दिवशी काठोकाठ भरूनही कावड आईच्या बाजूला झुकली. मष्णूनं ती खाली ठेवली आणि आणखी दोन मुठी आणायला गोठ्याकडं गेला.

"किती वेळ?" मनुबाई बुट्टीतून ओरडली. "डाव थांबलाय तिकडं."