आठ पात्यांची पाचर

देवाने जग एकसंध घडवले ही त्याची नजरचूक होती, आणि ती दुरुस्त करायला त्याने आमच्या साडूंना उदगीरला जन्माला घातले, असे माझे प्रामाणिक मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ही थोरली बहीण आम्हा सगळ्यांची अक्का. साडूंचे मोंढ्यात तुरीचे अडत दुकान आहे, कपाळाला भस्म आहे, गळ्यात लिंग आहे आणि मागच्या अंगणात लाकूड फोडायची मशीन आहे. पहिल्या तीन गोष्टी त्यांना वडिलांकडून मिळाल्या, चौथी त्यांची स्वतःची कमाई. तुम्हाआम्हाला ओंडका दिसला की ओंडकाच दिसतो. साडूंना त्यावर आधीच आखलेल्या रेघा दिसतात. लातूरहून उदगीरला जाताना एकदा बसमध्ये मी त्यांच्या शेजारी होतो. ते खिडकीबाहेर पाहत होते आणि मधूनच काहीतरी पुटपुटत होते. मला वाटले, जप चालला असेल. कान दिला तर ऐकू आले, "ती चिंच, आठ. ती बाभूळ... गाठी लई हायत, सहाच धरा." नळेगावला एक धिप्पाड गृहस्थ बसमध्ये चढले. साडूंनी त्यांच्याकडेही तसेच डोक्यापासून पायापर्यंत निरखून पाहिले, पण देवाच्या कृपेने आकडा सांगितला नाही.

मशीन तशी साधी. जमिनीवर आडवा लोखंडी गर्डर, त्याच्या एका टोकाला मोडीत निघालेल्या ट्रॉलीचा जॅक आणि दुसऱ्या टोकाला पाचर. मध्ये ओंडका ठेवायचा आणि जॅकने तो पाचरीवर रेटायचा. साध्या पाचरीने ओंडक्याचे दोन तुकडे होतात आणि बाकीचे जग त्यावर सुखी आहे. साडूंना एका रेट्यात चार हवे होते. म्हणून त्यांनी ट्रकचे जुने कमानपाटे कापून, वेल्डिंग करून अधिकच्या चिन्हासारखी पाचर केली. चार झाले तसे त्यांना सहा हवेसे वाटू लागले आणि सहा जमल्यावर आठ. आठ पात्यांची पाचर हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास होऊन बसला. ती पहिल्यांदा चालवली तेव्हा बाभळीचा ओंडका तिच्यावर टोपीसारखा बसला तो बसलाच, पुढे जाईना की मागे येईना. दुसऱ्या कोणी तो झाकून ठेवला असता. साडू आल्यागेल्याला चहाआधी तो दाखवायला न्यायचे. पुढे कितीतरी दिवस ते विचारात होते, आणि उत्तर सापडले ते भावकीच्या बैठकीत. बांधाच्या वादावर सगळे एकाच वेळी तावातावाने बोलत होते. साडू, ज्यांच्या शब्दावर निकाल लागायचा, ते ताडकन उठले. "सगळी पाती एकदम बोलायलीत," ते म्हणाले, "एकानं आधी तोंड उघडावं, मग दुसऱ्यानं, मग बाकीच्यानं." एवढे बोलून ते चपला घालून घरी निघून गेले. भावकीला वाटले, काय शहाणा माणूस आहे. साडूंनी घरी जाऊन पाती एकामागे एक सरकवून पुन्हा जोडली आणि ओंडका आठ जागी उकलला. बांधाचा वाद आजही तसाच आहे.

ते कागदावर काही काढत नाहीत. पाचरीचा नमुना आधी साबणाच्या वडीत कोरायचा, डोळ्यांना पटला की पत्र्याचा करायचा, आणि पत्र्याचा झाला की स्वयंपाकघरात शिरायचे. त्या घरी भोपळा, काकडी, गुळाची ढेप यांपैकी काहीही सरळ सुरीने कापले गेल्याचे मला आठवत नाही. पाहुण्यांना न्हाणीत साबण म्हणून जे मिळते ते सहा टोकांचे असते. त्याने एकदा आंघोळ केलेला माणूस सहसा उदगीरला दुसरा मुक्काम करत नाही. मी करतो, कारण चुलीवरची भाकरी अक्कासारखी कोणाला येत नाही आणि त्या भाकरीसाठी थोडेफार ओरखडे सोसायची माझी तयारी असते.

कुठे काय बोलावे याचे भान त्यांना एरवी पुष्कळ आहे, पण समोर सरपण आले की ते भान जाते. कंधारचे एक व्यापारी स्नेही वारले तेव्हा आम्ही दोघे अंत्यविधीला गेलो होतो. सगळे खाली मान घालून उभे होते. साडू चितेकडे एकटक पाहत होते आणि त्यांचा चेहरा दुःखी होता, मला बरेही वाटले. मग ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "वंगाळ फोडलंय. आमच्या मशीनवर नीट उभं फोडलं असतं तर निम्म्यात भागलं असतं. आमच्यात पुरतेत, ते बरं हाय." हे त्यांच्या मते कुजबुजणे होते. मयताचा भाऊ मागेच उभा होता. परतताना तो आमच्या दिशेने येऊ लागला तशी मी स्टँडचा रस्ता कुठल्या बाजूला आहे ते पाहून ठेवले. भाऊ जवळ आला, डोळे पुसले आणि साडूंना म्हणाला, "मशीन कुठं भेटंल असली?"

अक्काला मात्र ह्या मशीनचे कौतुक कधीच नव्हते. अक्काचा राग तीन पायऱ्यांनी चढतो. आधी ती मराठीत बोलते, मग बोलायची थांबते, आणि शेवटी माहेरच्या कानडीत उतरते. कानडी सुरू झाली की साडू उभे राहतात. ह्या उन्हाळ्यात, लेकीचे लग्न ठरले असताना, अंगणात बाजेवर रुखवतासाठी कुरडया वाळत घातल्या होत्या. साडूंनी आठ पात्यांवर चिंचेचा ओंडका रेटला. त्याचे सात तुकडे जागेवर पडले आणि आठवा उडून कुरडयांत गेला. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली, बाजेकडे पाहिले, मशीनकडे पाहिले. "साकु," ती म्हणाली, म्हणजे पुरे झाले. मग तिने मराठीत खुलासा केला, "लेकीचा मांडव हितंच पडायचाय. त्याच्या आधी हे धूड भंगारात जाया पायजे."

साडूंचा चेहरा मी पाहिला. पोर सासरी जाणार हे ठरले तेव्हाही तो इतका पडला नव्हता, किंवा पडला असेल तर त्यांनी दाखवला नव्हता. रोज संध्याकाळी दुकानातून आले की ते लेकीशी गप्पा मारायचे. आता ती जाणार होती आणि पाठोपाठ मशीनही. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "एक करू. लग्नाचं सगळं जळण ह्याच्यावरच फोडतो. आचाऱ्यानं चांगलं म्हणलं तर राहू दे. नाव ठिवलं तर मीच भंगारवाल्याला बोलवतो." अक्काने क्षणभर विचार केला आणि "हाव" म्हणाली. साक्षीदार म्हणून दोघांनीही माझ्याकडे पाहिले आणि मी मान डोलावली.

त्यानंतर साडूंनी जी तपश्चर्या केली तिला तोड नाही. वेल्डरला विचारले, लेथवाल्याला विचारले, ट्रॉलीवाल्याला विचारले. पाती पुन्हा घासली, उंची बदलली, तुकडे उडू नयेत म्हणून दोन बाजूंना जाळी लावली. शेतातल्या वाळलेल्या बाभळी आणि एक पडलेली चिंच, सगळे त्या पाचरीतून गेले. एकही ओंडका शिल्लक ठेवला नाही. मांडवाच्या कडेला जळणाची जी थप्पी लागली ती पाहून मी मनापासून वाहवा केली. सगळे तुकडे मनगटाएवढे, सरळ, एकसारखे. वऱ्हाडी त्या थप्पीपुढे उभे राहून फोटो काढत होते. साडू नवऱ्याकडच्या लोकांना नवरी दाखवायच्या आधी थप्पी दाखवत होते.

फक्त एका माणसाला विचारायचे राहून गेले होते. आचारी मुदखेडचा, हजार माणसांची पंगत उठवणारा. त्याने भट्टीची पूजा केली, नारळ फोडला आणि जाळ घातला. जाळ असा उठला की मांडववाला धावत आला. वरण बुडाला लागले. आणि मग बघता बघता सगळे विझूही लागले, कारण ते बारीक लाकूड भट्टीत पडले की भडकून संपत होते. भाताचे आधण भरायचे की भट्टी, हे आचाऱ्याला कळेना. शेवटी त्याने कपाळाचा घाम पुसला. "जळण लई देखणं हाय, मालक," तो साडूंना म्हणाला, "पण ह्याच्यावर पंगत होत न्हाई. म्या कवाचा घालून राहिलो, दम धरूनच न्हाई राहिलं. मला जाड फाटा पायजे." जाड फाटा त्या अंगणात औषधालासुद्धा नव्हता. शेवटी वखारीतून ओंडके आणले, कुऱ्हाडीने दोन-दोन तुकडे केले आणि पंगत उशिरा का होईना बसली. वरणाला करपट वास होता, पण व्याही भले माणूस. ते म्हणाले, "वरण खमंग झालंय." साडूंनी त्यांच्या पानात तूप वाढले. पाठवणीच्या वेळी लेक गळ्यात पडून रडली, तेव्हा हे तिच्या डोक्यावर नुसता हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीतून बाहेर आलो तर फाटकाशी भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. मांडवाचे कापड उतरले होते, अंगण उघडेबोडके दिसत होते आणि साडू खाली बसून पाचरीचे बोल्ट सोडवत होते. मी शब्द दिला होता साक्षीदाराचा, पण त्या क्षणी मला तो शब्द अजिबात नको होता. इतके दिवस मी ज्या मशीनची टर उडवली ती जाऊ नये असे मला फार वाटले. तेवढ्यात अक्का बाहेर आली. हातांना पीठ लागलेले होते, चुलीवर तवा तापलेला होता. तिने टेम्पोकडे पाहिले.

"कुठं न्यायलाव ते?"

"ठरलं होतं की आपलं," साडू मान वर न करता म्हणाले.

"ते हजार माणसाच्या सैपाकाचं ठरलं होतं," अक्का म्हणाली. "आता घरात खाणारी दोघं. दोघांच्या भाकरीला असलंच बारीक जळण लागतंय. सकाळधरनं तेच जाळायले मी. राहू द्या मशीन." आणि ती भंगारवाल्याला कानडीत काहीतरी म्हणाली. टेम्पो लगेच वळला.

साडू उठले नाहीत. हातातला पाना तसाच धरून ते थप्पीकडे पाहत बसले. पंगतीने ती जेमतेम एका कोपऱ्यात खाल्ली होती, बाकी अख्खी उभी होती, मांडव नसल्यामुळे आदल्या दिवसापेक्षा कितीतरी मोठी दिसत होती.

"लईच फोडलो गं मी," ते म्हणाले. "दोघाला हे कवा सरायचं?"

अक्काने पदराने डोळे पुसले आणि थप्पीतली चार लाकडे काखोटीला मारली.

"सरंल तवा सरंल," ती म्हणाली. "घाई काय हाय."