शार्दूलचं धाडसी मौन

संत तुकाराम नगरातला समाधान एरवी निघोजेच्या कंपनीत शिफ्ट करतो, पण जयंतीच्या दिवसांत त्याची ढोलकी मंडपामंडपांतून कडाडते. गायन पार्टीचा एक रिवाज त्याच्या हातात पक्का मुरलाय. गाणं ऐन रंगात असताना कुणी बक्षीस घेऊन स्टेजवर आलं, की गायक त्याचं नाव पुकारतो आणि तेवढा वेळ ढोलकी गप्प बसते.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या शार्दूलचा जॅझ-फंक बँड. ड्रम तोच वाजवतो. अल्बममधल्या एका गाण्यासाठी त्याने समाधानला स्टुडिओत बोलावलं. गाणं रंगलं आणि समाधानचा हात सवयीने थांबला. नाव पुकारायला तिथे होतं कोण? भानावर येऊन त्याने पुन्हा ठेका धरला खरा, पण नंतर ओशाळून म्हणाला, "सॉरी राव, परत घेऊ."

"नको भावा, भारी वाटतंय. आम्हीपण तिथंच थांबतो," शार्दूल म्हणाला.

अल्बम आला आणि समीक्षकांनी पार सोलून काढला. नुसते प्रयोग, जीव कुठेच नाही म्हणे. वाखाणली फक्त ती थांबण्याची जागा. 'शार्दूलचं धाडसी मौन,' असं एका नावाजलेल्या समीक्षक बाईंनी लिहिलं, मग बाकीच्यांनीही तीच री ओढली.

समाधानच्या अंगाचा तिळपापड झाला. अल्बमवर त्याचं नाव होतं, पण अगदी तळाला, वादकांच्या गर्दीत. शार्दूलच्या मुलाखती तो मोबाइलवर शोधून शोधून बघायचा आणि जळायचा.

"अहो, चुकला होतात तुम्ही. चुकीचं कसलं आलंय कौतुक?" बायको मिनल म्हणाली.

"चूक असली तरी माझी हाय ना!"

चिंचवडला बँडचा कार्यक्रम ठरला, समाधानलाही बोलावणं आलं. त्या समीक्षक बाईही येणार हे कळल्यावर त्याने मनाशी पक्कं केलं की या वेळी थांबायचंच नाही. त्या बाईंच्या देखत शार्दूलचा फज्जा होऊ दे. ती जागा आली, सगळा बँड थांबला आणि ढोलकी एकटीच सुटली. शार्दूलचा चेहरा पांढराफटक पडला. ते बघून समाधानला असा काही चेव आला, की जयंतीतही कधी वाजवली नव्हती तशी ढोलकी तो वाजवत सुटला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

दुसऱ्या दिवशी मिनल मोबाइलवर त्या बाईंचा नवा लेख वाचून दाखवायला बसली. "'आपल्याच मौनात ढोलकीला मोकळं सोडण्याचं शार्दूलचं धाडस...'" ती थांबली. "पुढं वाचू?"

"माझं नाव असंल तर वाच."

मिनलने लेख शेवटपर्यंत मनातल्या मनात वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला.