वलीची जीभ

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या वलीनं चाळीस वर्षं विहिरी खणल्या, पण नाव झालं ते त्याच्या जिभेचं. विहिरीला पाणी लागलं की मालक आधी त्यालाच पुढं करायचा. वली ओंजळभर पाणी तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि एकच शब्द बोलायचा : गोड, मचूळ, नाहीतर खारं. आमच्या खारपाण पट्ट्यात त्या एका शब्दावर विहिरी बुजवल्या जायच्या आणि सोयरिकीही मोडायच्या. खाऱ्या पाण्याच्या गावात जाणूनबुजून पोरगी कोण देतो? वलीनं स्वतःच्या लेकीची, नगमाची दर्यापूरकडची सोयरीक अशीच मोडली होती. मुलगा चांगला, पोरीलाही पसंत. पण यानं त्यांच्या विहिरीचं पाणी चाखलं आणि तिथंच उभ्या उभ्या नाही म्हणाला. लोकांनी समजावलं, पण वली कुणाचं ऐकेल तर ना.

पुढं नगमाचा निकाह उसामाशी झाला. उसामाची बँकेतली नोकरी. बदली झाली ती थेट केरळात, समुद्राकाठच्या एका गावात. यंदा पावसाळा सरता सरता नगमानं फार आग्रह केला तेव्हा वली निघाला.

ते गाव पाहून त्याचं डोकंच चालेना. एका अंगाला मोठं तळं, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे वाळूचा बांध आणि त्या बांधाला पडलेलं एक खिंडार. पहिल्या सकाळी खिंडारातून पाणी समुद्राकडे धावत होतं. वलीनं सवयीनं ओंजळ भरली. चव बरीच गोड लागली. घरी येऊन त्यानं निकाल देऊन टाकला, "तळं गोड्या पाण्याचं हाय." नगमा तांदूळ निवडत होती, ती नुसती हसली.

दुपारी पुन्हा गेला, तर पाणी उलटं, समुद्राकडून तळ्यात चाललेलं. सकाळचा उतार गेला कुठं? त्याच दगडावर बसून त्यानं पुन्हा चाखलं. जीभ आक्रसावी इतकं खारं.

वली घाबरला. नजर अधू झाली होती, गुडघे कधीचेच गेले होते, त्याचं त्याला काही नव्हतं. पण जीभ गेली तर वलीत उरलं काय? आणि गेली ती आज, की पूर्वीच? दर्यापूरकडच्या त्या विहिरीवर ती धड होती का? संध्याकाळी जेवताना त्यानं भाजीत मीठ बरोबर आहे ना, असं तीनदा विचारलं. उसामा बिचारा तीनदा हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो नगमालाच घेऊन गेला, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. तिनंही चाखलं.

"तुमची जीभ चांगली हाय, अब्बा. ओहोटीले गोड, भरतीले खारं. अन् उन्हाळ्यात तर दिवसभर खारंच राह्यते."

वलीला हायसं वाटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही.

"नगमा, दर्यापूरकडची ती विहीर मी कवा चाखली होती?"

"मे महिन्यात." तिनं पदरानं हात पुसले. "पावसाळ्यात तिचं पाणी गोड होते. दिवाळीपावतर टिकते."

"तुले कसं मालूम?"

"तुमी नाई म्हणल्यावर श्रावणात त्या पोरानं बाटली भरून पाठवली होती. मी प्याली होती."

वली खिंडाराकडे बघत राहिला. पाणी येतंय की जातंय, त्याला काहीच उमगेना.

"मंग तवा सांगितलं काहून नाही?"

"तुमी पाणी चाखलं, अब्बा," नगमा म्हणाली. "मले कवा इचारलं?"