तिसऱ्या रविवारची हरकत

बायबलमधल्या रिबकेच्या लग्नात हळद होती की नव्हती? दगडाबाईंच्या या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला देता आलेले नाही. शास्त्र, म्हणजे बायबल, एवढेच सांगते, की नवऱ्याकडे जातेस का, असे तिला विचारले गेले, ती "जाते" म्हणाली आणि इसहाकाने तिला आपल्या आईच्या तंबूत नेले.

दगडाबाई लासूर स्टेशनकडच्या. १९७२च्या दुष्काळी कामावर खडी फोडताना, दुपारच्या सुटीत त्यांनी एका ख्रिस्ती शिक्षिकेकडे अक्षरे गिरवली. पुढे शहरात चाळीस वर्षे घरोघर शास्त्र वाचून दाखवले. लोक त्यांना बायबलबाई म्हणत.

२०१३च्या एप्रिलमध्ये नात सोनियाचे लग्न ठरले. वस्तीत टँकर आठवड्याने येई. बायपासलगतच्या ज्वारीच्या रानांची मात्र लग्नसमारंभांची हिरवीगार लॉन्स झाली होती. लग्न तिथेच, पांढरा झगा आणि तीन मजली केकसह व्हायचे होते. चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आप्पासाहेब यांनी अट घातली: हळद लावाल, तर मी लग्न लावणार नाही, शास्त्रात ती नाही. दगडाबाईंना सलत होते ते निराळेच. झगा भाड्याचा, केक बेकरीचा. मग आपल्या हातचे पोरीच्या अंगाला लागणार तरी काय?

रिवाजाप्रमाणे तीन रविवार उपासनेत वधूवरांची नावे पुकारून कोणाची हरकत आहे का, असे विचारतात. दोन रविवार शांततेत गेले. तिसऱ्या रविवारी नवरीची आजीच उभी राहिली. बायकांच्या हातातले पंखे थांबले.

"लग्नाला हरकत नाय, पाळकसाहेब. तुमच्या अटीला हाय. हळद शास्त्रात नाय, कबूल. केक कोणत्या अध्यायात हाय, तेवढं दावा."

मागच्या बाकावरून सांडू बँडवाला म्हणाला, "अन् बँड, आजी?"

"तू गप रं. तुझं मागून बघते."

हशा ओसरल्यावर आप्पासाहेब म्हणाले, "दगडाबाई, प्यायला पाणी नाही. हळदीची आंघोळ कशानं घालणार?"

"एक तांब्या अन् वला फडका. लई झालं. रिबकेला इचारलं, तसं पोरीला इचारा."

आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारले.

सोनिया उठली. "हळद पाहिजे. आजीच्याच हातची. केक तुम्हाला आवडतो, तो राहू द्या."

"मग हरकत मागं घेतली," म्हणून दगडाबाई खाली बसल्या. हळद लागली. लग्न ठरल्या दिवशी लागले, लावले आप्पासाहेबांनीच.

२०१९च्या मे महिन्यात, पुन्हा टँकर सुरू असताना, आप्पासाहेबांच्या मुलीच्या लग्नात तिलाही दगडाबाईंनी हळद लावली.