आबांचा काचेचा डबा

देवानं आभाळ जमिनीपासून नेमकं किती उंच टांगलंय, हे कुणाला विचारायचंच असेल तर ते माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांना विचारावं, असं मी पैजेवर सांगितलं असतं. हे आबा नरडाण्याच्या शाळेत चित्रकला शिकवत. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास एका जुन्या परदेशी मासिकात त्यांना रेल्वेच्या डब्याचं चित्र सापडलं. छतावर काचेचा घुमट, आणि त्याखाली माणसं ऐसपैस आभाळ बघत बसलेली. तेव्हापासून आबांच्या डोक्यात एकच किडा: असा डबा आपल्याकडे आला तर पुलांखालून जाईल का? भुसावळच्या मेन लाइनीवर विजेच्या तारा, म्हणजे ती बाद. आपल्या सुरत लाइनीवर तारा नव्हत्या, अडचण काय ती पुलांची. मग लग्नाच्या मांडवात शिरतानाही आबा आधी वर बघत, नवरा-नवरीकडे नंतर.

सुट्टी लागली की सुरतेपर्यंतचा एकेक पूल ते मोजून येत. पुलावर उभं राहायचं आणि सुतळीला कुलूप बांधून खाली सोडायचं. एकदा एक मालगाडी सुतळीसकट घराचं कुलूप घेऊन गेली. आबा हात हलवत घरी आले. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कुलूपबी सुरतले गये, मीच ऱ्हायनू!"

अक्कांची धाकटी बहीण सुरतेला दिलेली होती. पण बंद डब्यात अक्कांचा जीव घुसमटायचा, छत अंगावर येतंय असं वाटायचं. एकदा निघाल्या, तर दोंडाईच्यालाच उतरून बैलगाडीनं परत आल्या. बहिणीचं तोंड पाहून वर्षं लोटली होती. "आभाळ दिसलं तर ती बसेल हो," आबा मला म्हणाले, "पण डबा मागायचा तर तो मावतो हे आधी दाखवायला नको?" मी हसायच्या तयारीत होतो, ते हसू तोंडातच राहिलं.

डबा अर्थातच आला नाही. बहीण अंथरुणाला खिळल्याचा निरोप मात्र आला, आणि आम्ही तिघं साध्या पॅसेंजरमध्ये चढलो. गाडी हलताच अक्कांनी डोळे गच्च मिटले आणि आबांचा हात धरला. आबा त्यांच्या कानाशी बोलू लागले. "आते पूल उना. छतवर दोन हात जागा शे. गया पूल. आते बठ्ठं आभाळ मोकळं, एक घार फिरी ऱ्हायनी." नंदुरबार गेलं, नवापूर गेलं, आबांनी एकही पूल चुकवला नाही. समोरचा कापसाचा व्यापारी तर पूल आला की स्वतःच मान खाली घालू लागला. मी थक्क होऊन ऐकत होतो. इतकं प्रेम मी तोवर कुणाला कुणावर करताना पाहिलं नव्हतं.

सुरतेला दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या. आबा दाराबाहेर रिक्षाच्या टपाकडे बघत उभे होते.

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अक्कांची बहीण तेव्हा बरी झाली, आणि अजून दर दिवाळीला बोलावते. मी न्यायला तयार असतो. अक्का मानेनंच नको म्हणतात.

"वर कितली जागा शे, आते कोन सांगी माले?"